वांगणीला पकडलेले दरोडेखोर

मागच्या भागात चौकच्या एन. डी. स्टुडिओचा विषय निघाला, तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं की आपल्या कर्जत-खालापूर पट्ट्यात शूटिंगचा इतिहास तिथूनच सुरू होतो का. तर नाही. तो आणखी जवळजवळ शंभर वर्षं मागे जातो. आणि स्वतःच्या खिशातून वेब सिरीज करू पाहणाऱ्यांना तोच जुना भाग जास्त उपयोगाचा आहे. मी सोमवार ते शुक्रवार कोड लिहितो आणि शनिवार-रविवार चार मित्रांबरोबर खालापूरकडे पाच भागांची सिरीज शूट करतो, त्यामुळे मला हा नुसता इतिहास वाटत नाही.

कर्जत लोकलने बदलापूर सोडलं की वांगणी, मग शेलू, मग नेरळ. वांगणी ठाणे जिल्ह्यात, शेलूपासून आपला तालुका. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'मधली जंगलातली दृश्यं घ्यायला वांगणी निवडलं. मुक्काम दादरला, तिथून थेट रेल्वे, आणि गाडीतून उतरलं की रान. लो बजेटवाल्याला आणखी काय पाहिजे?

फाळक्यांनी मंडळींना पुढे पाठवलं, तेही पूर्ण पोशाखात, ढाली-तलवारी-भाल्यांसकट. गावकऱ्यांना वाटलं दरोडेखोर आले. पाटलाला वर्दी गेली, पाटलाने फौजदाराला कळवलं. देवळात उतरलेल्या या लोकांची झडती घेतली तर सामानात मुकुट, दागिने, राजा-राणीचे कपडे. म्हणजे मुद्देमालच सापडला! सिनेमा करतोय, या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? शेवटी फाळके येऊन पोचले. त्यांनी कॅमेरा दाखवला, नटांना एक प्रसंग करायला लावला आणि शूटिंग करत असल्याचं नाटक केलं. कॅमेऱ्यात फिल्म घातलीच नव्हती. मंडळी सुटली.

परेश मोकाशींच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'पासून फाळक्यांच्या अशा गोष्टी आपण हसत हसत सांगतो. मला मात्र यात फाळक्यांची ठरलेली पद्धत दिसते. समोरच्याला समजावत बसायचं नाही, करून दाखवायचं. पैसे उभे करतानाही त्यांनी हेच केलं होतं. विमा पॉलिसी गहाण ठेवून, मित्र यशवंत नाडकर्णींकडून कर्ज काढून ते 1912 साली लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले. परत आल्यावर लगेच हरिश्चंद्राला हात घातला नाही. आधी वाटाण्याचं रोप उगवतानाची जेमतेम मिनिटभराची फिल्म केली, एकेक फ्रेम घेत, आणि ती पैसेवाल्यांना दाखवली. आजच्या भाषेत पायलट एपिसोड. त्यावर पुढचे पैसे मिळाले. तेवढ्यानेही भागलं नाही, सरस्वतीबाईंचे दागिने गेलेच. सरस्वतीबाईंनी फिल्मला भोकं पाडली, उन्हात पांढऱ्या चादरी धरल्या, वर सगळ्या युनिटचा स्वयंपाक केला. त्यांचं नाव फाळक्यांच्या बरोबरीने घ्यायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये चित्रपट लागला. जोडीला नाच, विनोदी स्किट आणि पायांनी कसरती करणारा एक जगलर. नुसत्या सिनेमावर लोक येतील याची खात्री कुणालाच नव्हती.

खरी गंमत सुरतेला झाली. पहिल्या दिवसाचा गल्ला तीन रुपये. त्या काळी दोन आण्यांत सहा तासांचं नाटक बघायला मिळायचं, मग तीन आणे देऊन दीड तासाचा खेळ कोण बघणार? खेळ लांबवा, असा सल्ला मिळाला. फाळक्यांनी खेळ तसाच ठेवला, जाहिरात बदलली: 57,000 फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत. गल्ला तीनशेवर गेला.

आता माझ्यातला इंजिनिअर गप्प बसत नाही. चित्रपटाची लांबी सुमारे 3,700 फूट. 35 मिलिमीटर फिल्मवर एका फुटात 16 फ्रेम बसतात. गुणाकार 59,200. म्हणजे फोटोंचा आकडा जवळपास खरा! दोन मैल म्हणजे मात्र 10,560 फूट, जवळपास तिप्पट थाप. थंबनेल वाढवून-चढवून करायची विद्या यूट्यूबने काढलेली नाही, एवढं लक्षात ठेवा.

पण मला जास्त विचार करायला लावते ती पुढची गोष्ट. 1918 साली भागीदार घेऊन हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. पैसा आला, मतभेदही आले, आणि फाळके बाहेर पडले. काही काळाने परतले ते पगारावर. आणि कर्जाचं म्हणाल तर चौकला फार जुनं उदाहरण नाही. नितीन देसाईंनी 2005 साली उभा केलेला स्टुडिओ, 'जोधा अकबर'चे सेट तिथले. 2 ऑगस्ट 2023 ला देसाई गेले तेव्हा कंपनीची थकबाकी अडीचशे कोटींच्या घरात होती. त्यावर जास्त बोलवत नाही.

यूट्यूबमुळे वेगळी वाट झाली हे खरं. 2016 ला भाडिपा आलं. सातारा जिल्ह्यातून 'गावाकडच्या गोष्टी', बारामती तालुक्यातून 'चांडाळ चौकडीच्या करामती'. गाव हाच सेट, गावातलेच नट, आणि प्रमोशनही तेच लोक करतात, कारण आपला मामा स्क्रीनवर दिसला की लिंक सगळ्या पाहुण्यांच्या ग्रुपवर जाते. यात पैसा हळू येतो, पण चॅनल आपलं राहतं.

आमच्याकडे सध्या एका अ‍ॅपवाल्यांची ऑफर आहे. रक्कम आमच्या खर्चाच्या थोडी वर, पण सगळे हक्क कायमचे त्यांचे. पात्रांचेसुद्धा. दोघांना विकायची आहे. त्यातल्या एकाने कॅमेऱ्यासाठी बहिणीच्या लग्नातून पैसे उचललेत, त्याला मी काय बोलणार? दोघांना विकायची नाही. पाचवा मी, आणि माझं मत अजून दिलेलं नाही.

तोवर पहिला भाग चौकजवळच्या एका वाडीत देवळासमोर चादर बांधून दाखवणार आहोत, माघी गणपतीनंतरच्या शनिवारी. प्रोजेक्टर भाड्याचा, तिकीट नाही. पोलीस पाटलांना आधीच जाऊन भेटून आलोय. खोट्या तलवारी आमच्या सामानातही दोन आहेत.