भिंतीचा विमा आणि भाड्याचा विमा

विम्याचे नाव काढले की आपल्याकडे माणसाच्या मनात पहिल्याने आयुष्याचा विमा येतो, मग मोटारीचा. घराचा विमा सहसा कुणास आठवत नाही. आणि जे घर आपण स्वतः वापरीत नाही, दुसऱ्यास भाड्याने दिले आहे, त्याच्या विम्याचा विचार करणारी माणसे तर विरळाच. आम्ही कामगार संघटनेतली माणसे. आमचे शिक्षण झाले ते गिरणीच्या फाटकावर आणि जुन्या पुस्तकांच्या पदपथावर. घरमालकाच्या विम्याशी आमचा काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध असा की मुंबईतील बंद गिरण्यांच्या जमिनींवर बांधलेली घरे २०१२ सालापासून सोडतीने कामगारांना व त्यांच्या वारसांना मिळू लागली, आणि ज्यांचे बिऱ्हाड आता गावी आहे अशांपैकी काहींनी ती भाड्याने दिली. काल चाळीतला भाडेकरू होता तो आज घरमालक झाला. असा एखादा आमच्या कचेरीत येतो आणि विचारतो, ‘भाऊ, एजंट तीन कागद दाखवतो, त्यांतला कुठला घ्यायचा?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर साडेतीनशे वर्षे मागे, लंडन शहरात जावे लागते.

१६६६ च्या सप्टेंबरात लंडनला चार दिवस आग लागली होती. सुमारे १३,२०० घरे जळाली. आगीचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. आम्हांस त्यात रस नाही. आमचे लक्ष आहे ते आग विझल्यानंतरच्या सकाळकडे. त्या शहरातली बहुतेक माणसे भाडेपट्ट्याने राहत. पट्ट्यात सर्वसाधारणपणे असे कलम असे की घराची डागडुजी भाडेकरूने करावयाची आणि मुदत संपेपर्यंत भाडे देत राहावयाचे. घर जळाले तर काय, हे पट्ट्यात नव्हते. म्हणजे कायद्याने पाहिले तर ज्याचे दुकान, अंथरूण, हत्यारे सारे राख झाले, त्यानेच मालकाचे घर पुन्हा बांधून द्यावयाचे आणि नसलेल्या घराचे भाडेही भरावयाचे! मालकाच्या हाती कागद होता, भाडेकरूच्या हाती राख.

ही स्थिती अशीच राहती तर शहर पुन्हा उभे राहिले नसते. म्हणून पार्लमेंटने १६६७ च्या आरंभी एक खास न्यायालय नेमले. त्यास अग्निन्यायालय म्हणत. ते क्लिफर्ड्स इन येथे बसे. मोठमोठे न्यायाधीश तेथे वेतनावाचून काम करीत. मॅथ्यू हेल हा नामांकित कायदेपंडित त्यांतलाच. या न्यायालयाने पट्ट्याचे अक्षर बाजूला ठेवले. कुणाची ऐपत किती, मुदत किती उरली, बांधावयास कोण तयार आहे, हे पाहून ते निवाडा करी. बहुधा असे ठरे की भाडेकरूने घर बांधावे, आणि त्याच्या बदल्यात मालकाने भाडे कमी करावे व पट्ट्याची मुदत वाढवून द्यावी. नगरपालिकेने कृतज्ञतेने त्या न्यायाधीशांची तैलचित्रे काढवून गिल्डहॉलमध्ये लावली. सामोपचाराने तंटा मिटविण्याचे काम आम्ही जन्मभर करीत आलो, म्हणून असेल, पण इंग्लंडच्या राजेरजवाड्यांच्या तसबिरींपेक्षा या तसबिरींचे आम्हांस अगत्य अधिक.

न्यायालयाने जुना तंटा मिटविला. पुढची आग कुणाच्या अंगावर, हा प्रश्न राहिलाच. त्यात धंदा पाहिला निकोलस बार्बन याने. हा शिकलेला वैद्य, पण पेशाने इमारतींचा सट्टेबाज. जळित जागा घ्यावी, ओळीने घरे बांधावी, पट्ट्याने द्यावी, असा त्याचा उद्योग. १६८० च्या सुमारास त्याने भागीदारांसह आगीच्या विम्याची कचेरी उघडली. तिचा दर मोठा बोलका आहे. हप्ता घराच्या भाड्यावर आकारीत: विटांच्या घरास भाड्याच्या शेकडा अडीच, लाकडी घरास शेकडा पाच. वर्षाला तीस पौंड भाडे येणाऱ्या विटांच्या घराचा हप्ता पंधरा शिलिंग. तेच घर लाकडाचे असेल तर दीड पौंड. घराचे मोल म्हणजे त्याचे भाडे, हा हिशेब त्या दरातच बसलेला आहे. विमा जन्मला तो भाडे खाणाऱ्याच्या वहीत. घरातल्या माणसाची भांडीकुंडी त्या वहीत नव्हतीच. सामानाचा विमा चार्ल्स पोवी याने काढला आणि त्यातून १७१० साली ‘सन’ ही कचेरी निघाली, तोवर भाडेकरूला विकत घेता येईल असे काही नव्हते.

मधल्या काळात एक गोष्ट घडली ती आमच्या जातीची. १६९६ साली काही घरवाल्यांनी एकत्र येऊन ‘हँड इन हँड’ नावाची परस्पर विमा मंडळी काढली. नफा कुणाचा नाही. वर्गणी सर्वांची, नुकसान सर्वांचे. हस्तांदोलन करणारे दोन हात ही तिची खूण. ती खूण शिशाच्या पत्र्यावर उमटवून विमेदाराच्या भिंतीवर ठोकीत. प्रत्येक कचेरीचा असा पत्रा असे आणि स्वतःचे बंबवालेही असत. पत्रा नसलेले घर बंबवाले खुशाल जळू देत, अशी एक कथा सांगतात. ती चटकदार आहे, पण पुरावा दुबळा. शेजारचे बिनविम्याचे घर जळू दिले तर आपले विम्याचे घर वाचणार कसे, एवढे त्या कंपन्यांना कळत होते.

विमा आला तशी लबाडीही आली. घर जाळावे आणि पैसे घेऊन मोकळे व्हावे. यावर १७७४ च्या लंडनच्या अग्निप्रतिबंधक कायद्यात कलम ८३ घातले गेले. संशय असेल, किंवा त्या घरात ज्याचा हितसंबंध आहे असा कुणी मागणी करील, तर विमा कंपनीने पैसा मालकाच्या हातावर न ठेवता घर पुन्हा बांधण्याकडे लावावा. हे वाचून आम्हांस फार समाधान झाले. भिंत मालकाची, विमा मालकाचा. तरी त्या पैशावर राहणाऱ्याचाही हात पोहोचू शकतो, हे कायद्याने प्रथमच मान्य केले.

आपल्याकडे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आहे. त्याच्या कलम १०८ प्रमाणे आग, वादळ, पूर यांनी जागा कायमची निकामी झाली तर पट्टा रद्द करावयाचा की नाही हे भाडेकरूच्या मर्जीवर आहे. लंडनच्या भाडेकरूला १६६६ साली जे नव्हते ते येथे कागदावर मिळाले. मुंबईच्या भाडेकरूला मात्र पट्टा सोडण्याचा हक्क नको होता. त्याला खोली हवी होती. दुसरी जाणार कुठे?

१४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन हे दारूगोळा आणि कापूस एकत्र भरलेले जहाज फुटले, मांडवीची वस्ती पेटली, शेकडो माणसे मेली आणि हजारो बेघर झाली. आगीची साधी पॉलिसी अशा युद्धकालीन स्फोटासाठी लिहिलेलीच नव्हती. शेवटी सरकारला वटहुकूम काढून भरपाईची सोय करावी लागली. पॉलिसीत आग हा शब्द असला म्हणजे प्रत्येक आग तीत येते असे नव्हे, हे त्या दिवशी पेढीवाल्यांनाही कळले.

मुंबईची खरी आपत्ती मात्र आग नव्हे, पडझड. भाडी गोठली, मालकाने डागडुजी सोडली, तुळया कुजल्या. जुनाटपणाने कोसळणाऱ्या घरास आगीची पॉलिसी पैसा देत नाही. झीज हा विम्याचा विषयच नव्हे. म्हणून १९६९ साली इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा करून जुन्या इमारतींवर उपकर बसविला. तेव्हा अशा १९,६४२ इमारती मोजल्या गेल्या. हा उपकर भाडेकरूंच्या खिशातूनही जातो. आमच्या मते ही एक प्रकारची ‘हँड इन हँड’च आहे, फक्त सक्तीची. ती कशी चालली हे दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत वाचावयास मिळते, त्यावर येथे अधिक बोलत नाही.

आता त्या एजंटच्या तीन कागदांकडे येऊ. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी सर्व कंपन्यांना सक्तीची केली आहे. तीत घराची रक्कम धरावयाची ती चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर अशी. बाजारभाव धरू नये. परळची खोली लाखोंनी विकते ती जमिनीमुळे, आणि जमीन जळत नाही. बाजारभावाने विमा उतरवून जादा हप्ता भरणारे आम्ही पाहिले आहेत. एजंट त्यांना अडवीत नाही. घर राहण्यास अयोग्य झाले तर बुडणारे भाडे हेही या पॉलिसीत येते. बार्बनच्या वहीतली ती नोंद अजून जिवंत आहे, आणि ज्याच्या घरची चूल त्या भाड्यावर चालते त्याने ती आधी वाचावी. सोसायटीने इमारतीचा विमा घेतला असेल तर तो इमारतीचा. आतले कपाट, पंखे, ओटा त्यात आहे की नाही हे सेक्रेटरीला लेखी विचारावे. घर भाड्याने दिले आहे हे कंपनीपासून लपवू नये.

आणि भाडेकरू? मालकाच्या कुठल्याही पॉलिसीत त्याचे सामान नाही. १६८० साली नव्हते, आज नाही. फरक एवढाच की आता त्याला केवळ सामानाची पॉलिसी वेगळी घेता येते, हप्ताही जड नाही. आमच्या नव्या घरमालकांना आम्ही सांगतो की भाडेकराराची नोंदणी होण्यापूर्वी त्यात दोन ओळी घालून घ्या: भिंतीचा विमा कुणी उतरवावयाचा, आणि घर निकामी झाले तर त्या दिवसापासून भाडे थांबेल की नाही. छापील मसुद्यात या ओळी सहसा नसतात. हाताने लिहाव्या लागतात.