झिलईतले शिसे

जेवणाच्या टेबलावर मीठदाणी आणि मिरपूडदाणी शेजारी शेजारी उभ्या असतात. नाताळात, लग्नात किंवा बाप्तिस्म्याच्या मेजवानीला चिनी मातीची ही जोडी कपाटातून बाहेर येते, पुसली जाते आणि पाहुणे गेल्यावर पुन्हा आपल्या जागी जाते. तिच्या अंगावरची ती तुकतुकीत झिलई (भट्टीवाले तिला ग्लेझ म्हणतात) कोणाच्या हातांनी चढते आणि एके काळी त्या हातांची काय गत होत असे, हा प्रश्न सहसा आपल्या मनाला शिवत नाही. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात मात्र हा प्रश्न शेकडो कुटुंबांच्या जिवावर बेतला होता. त्याचाच थोडा मागोवा आम्ही येथे घेणार आहोत.

मीठ आणि मिरी यांची टेबलावरची सोबत जुनी आहे. इटालियन शिल्पकार बेन्व्हेनुटो चेलिनी याने १५४० ते १५४३ या काळात फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याच्यासाठी सोन्याची एक मीठदाणी घडविली. तीत समुद्रदेवतेपाशी मिठासाठी नाव आहे आणि धरतीमातेपाशी मिऱ्यांसाठी छोटेसे मंदिर. (२००३ साली ही कलाकृती व्हिएन्नाच्या संग्रहालयातून चोरीस गेली आणि २००६ साली सापडली.) राजाच्या मेजवानीत मिऱ्याला मिठाच्या बरोबरीचा मान मिळाला, याचे आपल्याला विशेष वाटू नये, त्या काळी युरोपात पोहोचणारी पुष्कळशी काळी मिरी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून, मलबारातूनच जात होती.

सामान्य घरांत मात्र या दोघांची भांडी दीर्घकाळ वेगवेगळ्या तऱ्हेची राहिली. मिरपुडीला भोकांचे झाकण असे. मीठ उघड्या वाटीत ठेवून चमच्याने घेतले जाई, कारण ते ओलसर होऊन त्याचे गठ्ठे बनत. दोघांना सारख्याच सच्छिद्र डब्या मिळाल्या त्या मोकळे वाहणारे मीठ बाजारात आल्यानंतर. अमेरिकेत मॉर्टन कंपनीने १९११ साली मिठात मॅग्नेशियम कार्बोनेट मिसळण्यास प्रारंभ केला, हा या वाटेवरील एक मोठा टप्पा. आपल्याकडे आषाढ-श्रावणात मीठदाणीत तांदळाचे चार दाणे टाकतात, तो उपाय त्याच दुखण्यावरचा.

हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढू लागते. ते खारे पाणी धातूला खाते. उघड्या, झिलई नसलेल्या मातीच्या भांड्यात ते छिद्राछिद्रांत शिरते, वाळताना आतच त्याचे स्फटिक होतात आणि मातीचे पोपडे सुटतात. म्हणून मातीच्या मीठदाणीला आतून-बाहेरून काचेचे अस्तर हवे. झिलई म्हणजे वस्तुतः मातीच्या अंगावर वितळवून चिकटविलेली काचच होय.

काच होते ती वाळू किंवा गारगोटी यांतील सिलिकेची. पण निव्वळ सिलिका वितळण्यास सुमारे १७०० अंश सेल्सियस इतकी उष्णता लागते. तेवढ्या आचेत भांडेच टिकणार नाही. तेव्हा सिलिकेला कमी आचेवर वितळविणारा एखादा द्रावक तिच्यात मिसळावा लागतो. पोटॅश, सोडा, टाकणखार, जस्ताचे भस्म असे द्रावक पुष्कळ आहेत. पण कारागिराला सर्वांत सोयीचे वाटले ते शिसे. आपल्याकडे ज्यांना शेंदूर, मुरदाडशिंग, सफेता म्हणतात, ती सारी शिशाचीच रूपे आहेत. शिशाची झिलई मंद आचेवर वितळते, भांड्यावर समान पसरते, आच थोडी कमी-अधिक झाली तरी बिघडत नाही, मातीतील बारीकसारीक दोष झाकते आणि वर अशी चकाकी देते की जणू भांडे ओलेच आहे. कारागिराच्या चुका ती पोटात घालते, आणि तिचा मोह सुटत नव्हता तो याचमुळे.

गंमत अशी की स्टॅफर्डशायरच्या कुंभारांना झिलईचा दुसरा मार्ग ठाऊक होता आणि तोही मिठाचाच. जर्मनीतील ऱ्हाईन नदीकाठच्या कुंभारांनी तो फार पूर्वी शोधला होता. भट्टी पुरेशी तापली की वरून मूठमूठ मीठ टाकायचे. त्या आचेत मिठातील सोडियमची वाफ होऊन ती मातीतील सिलिकेला भिडते आणि भांड्याच्या पृष्ठभागाचीच काच होते; उरलेल्या क्लोरीनचे आम्लयुक्त धुके धुराड्यांतून बाहेर पडते. लंडनजवळील फुलहॅम येथे जॉन ड्वाइट याने १६७२ साली अशा दगडी भांड्यांचे पेटंट मिळविले. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात स्टॅफर्डशायरमध्ये पांढऱ्या, मीठ-झिलईच्या भांड्यांचा धंदा भरास आला. ही भांडी टणक आणि टिकाऊ होती, पण त्यांचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत. गिऱ्हाइकाला गुळगुळीत हवे होते. ते त्याला साय-रंगाच्या, शिशाच्या झिलईच्या भांड्यांत मिळाले. जोसाया वेजवुड याने १७६५ साली राणी शार्लटसाठी असा चहाचा संच बनविला, त्या भांड्यांना ‘क्वीन्स वेअर’ हे नाव पडले आणि अल्पावधीत मीठ-झिलई मागे पडली.

आता झिलई चढविण्याचे काम कसे चालते ते पाहू, कारण पुढील सारी कथा त्यातच दडलेली आहे.

मातीची मीठदाणी आधी एकदा भाजतात. या कोरड्या, सच्छिद्र अवस्थेला ‘बिस्किट’ म्हणतात. गारगोटीचे पीठ, माती आणि द्रावक पाण्यात वाटून साईसारखे पातळ केलेले मिश्रण बादलीत तयार असते. मीठदाणीच्या बुडाला बुचासाठी ठेवलेल्या भोकातून ते आत ओततात, डबी हातात फिरवून सगळीकडे पोहोचू देतात आणि उरलेले उपडे करून काढतात. मग बाहेरून एक बुडी. बिस्किट तहानलेले असते. ते क्षणार्धात पाणी शोषून घेते आणि अंगावर पिठासारखा थर राहतो. आता दोन गोष्टी करावयाच्या असतात. माथ्यावरची बुजलेली भोके सुईने मोकळी करायची, आणि बुडाची कड पुसून-खरवडून कोरी करायची. नाहीतर भट्टीत झिलई वितळून डबी फळीलाच चिकटेल. यानंतर दुसरी भाजणी.

ताटल्या-वाट्यांपेक्षा मीठदाणीसारख्या लहान आणि भोकांच्या वस्तूला ही साफसफाई अधिक लागते, हे उघड आहे. स्टॅफर्डशायरच्या कारखान्यांत बुडी देणारा बहुधा पुरुष असे. भांडी खरवडून साफ करणाऱ्या बहुतेक स्त्रिया आणि मुली. थर वाळलेला असला की खरवडताना पांढरी धूळ उडे. ती नाकातोंडात जाई, केसांत बसे, एप्रनवरून घरी जाई. त्या धुळीत कच्चे शिसे होते.

शिसे माणसाला एकदम मारीत नाही. प्रथम पोटात असह्य कळा येतात, चेहरा फिकट पडतो. हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ उमटते. तिची नोंद लंडनचे डॉक्टर हेन्री बर्टन यांनी १८४० साली केली. मग मनगट लुळे पडते. हात पुढे केला तर पंजा खाली लोंबतो. काहींना झटके येत, काहींची दृष्टी जाई. आणि गर्भवतीच्या पोटातील बाळापर्यंत ते पोहोचत असल्याने गर्भपात आणि मृत अर्भके हे त्या वस्तीतील नित्याचे दुःख होते.

हे कोणास ठाऊक नव्हते असे नाही. इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात शिशाची झिलई देणाऱ्या कुंभारांच्या थरथरणाऱ्या हातांचे आणि पडलेल्या दातांचे वर्णन आहे. लीड्सचे डॉक्टर चार्ल्स थॅकरा यांनी १८३१ साली, शिशाविना हे काम होणार नाही का, हा प्रश्न उघडपणे विचारला. त्यानंतर दहा वर्षांनी सॅम्युएल स्क्रिव्हन यांनी बालकामगारांच्या सरकारी चौकशीसाठी या परगण्यातील कारखाने पालथे घातले, आणि बुडी देण्याच्या खोल्यांत मुले कशी राबतात ते लिहून ठेवले. १८६४ साली कारखाना कायदा या धंद्याला लागू झाला. शिसे मात्र बादलीतच राहिले.

शिसेबाधेच्या रुग्णांची नोंद सक्तीची झाल्यावर आकडे समोर आले. १८९६ ते १८९८ या तीन वर्षांत चिनी मातीच्या धंद्यात दर वर्षी चारशेहून अधिक कामगारांना बाधा झाल्याचे नोंदले गेले. ब्रिटनमध्ये १८९३ साली प्रथमच नेमल्या गेलेल्या स्त्री-निरीक्षकांपैकी काहींनी या वस्तीतील विवाहित कामगार स्त्रियांच्या मृत व गमावलेल्या बाळांची माहिती गोळा केली. मालकांचे उत्तर ठरलेले होते: बायका हात न धुता जेवतात, त्याला आम्ही काय करणार? यात तथ्य अजिबात नव्हते असे नाही, पण जिथे हवेतच विष होते तिथे हात धुऊन किती निभावणार? सरकारने स्त्रियांची दरमहा वैद्यकीय तपासणी सुरू केली. जिला बाधा दिसे तिला त्या कामातून दूर केले जाई. म्हणजे तिची मजुरीही बुडे. असे असताना पोटदुखी लपविण्याकडेच कामगार स्त्रीचा कल झाला, तर नवल कसले?

या स्त्रियांची बाजू मांडणाऱ्यांत कामगार संघटनेच्या गर्ट्रूड टकवेल होत्या, तशाच सदरलँडच्या डचेस मिलिसेंटही होत्या. या उमराव बाईंची ‘लुडबुडी मिली’ म्हणून टिंगल झाली. त्याच भागात जन्मलेल्या आर्नल्ड बेनेट या कादंबरीकाराने तिचे व्यंगचित्रही रेखाटले. अँग्लिकन मंडळींच्या ख्रिश्चन सोशल युनियनने आपल्या सभासदांसमोर शिसेविरहित भांड्यांचा आग्रह धरला. खरेदीदाराने दुकानात प्रश्न विचारावा, ही कल्पना त्या काळी नवीच होती.

खरा उलगडा केला तो रसायनशास्त्राने. सरकारी रसायनतज्ज्ञ प्राध्यापक थॉर्प आणि न्यूकॅसलचे डॉक्टर थॉमस ऑलिव्हर यांची १८९८ साली नेमणूक झाली आणि पुढल्या वर्षी त्यांचा अहवाल आला. झिलईत शिसे किती आहे, यापेक्षा जठरातील आम्लात त्यातले किती विरघळते, हे महत्त्वाचे, असा थॉर्प यांचा मुद्दा होता. शिसे सिलिकेबरोबर आधीच वितळवून, पाण्यात ओतून, फुटलेली ती काच दळली (तिला फ्रिट म्हणतात), तर शिसे काचेत कोंडले जाते आणि त्याचा विषारीपणा पुष्कळ घटतो. ही क्रिया कारखानदारांना नवी नव्हती. टाकणखार पाण्यात विरघळतो म्हणून तो ते वितळवूनच घेत. शिसे मात्र नंतर, कच्चेच, चक्कीत टाकीत. झिलई बिघडू नये म्हणून जी काळजी टाकणखाराची घेतली जात होती, ती माणसे बिघडू नयेत म्हणून शिशाची घेतली गेली नाही. या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट आम्हांस सर्वांत कठोर वाटते.

थॉर्प यांचे दुसरे म्हणणे असे की पुष्कळशा भांड्यांना शिशाची गरजच नाही. ब्रिस्टल येथे १८३५ च्या सुमारास जस्त वापरून दगडी भांड्यांसाठी शिसेविरहित झिलई तयार झालीच होती; वर तपकिरी, खाली साय-रंगाची अशी ती भांडी आपल्या लोणच्याच्या बरणीची आठवण करून देतात. मालकांनी मात्र परदेशी व्यापार बुडेल, वाया जाणारा माल वाढेल, असा धोशा लावला. वाया जाण्याची भीती पूर्णतः खोटी नव्हती. शिसे काढले की आचेचा अंदाज काटेकोर लागतो. १९०१ ते १९०३ या काळात लॉर्ड जेम्स यांच्यापुढे लवादाचे काम चालले. १९१३ च्या नियमांनी ‘अल्पविद्राव्य’ झिलईची व्याख्या केली: सौम्य आम्लात ५ टक्क्यांहून अधिक शिसे विरघळता कामा नये. परंतु ती वापरण्याची सरसकट सक्ती व्हायला १९४७ साल उजाडावे लागले. थॅकरांच्या प्रश्नाला तोवर ११६ वर्षे झाली होती.

वापरणाऱ्याला धोका उरला तो वेगळ्या प्रकारचा. १९७० साली कॅनडातील माँट्रियल येथे हाताने बनविलेल्या शिसे-झिलईच्या सुरईतून सफरचंदाचा रस पिऊन एका लहान मुलाचा मृत्यू झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. आंबट पदार्थ कच्च्या भाजणीच्या झिलईतून शिसे ओढून घेतो. कोरडे मीठ आणि मिरपूड तसे सहसा करीत नाहीत. पण त्याच संचातील व्हिनेगरच्या कुपीबद्दल तसे म्हणता येणार नाही. आज हाताने भांडी घडविणारे पुष्कळ कारागीर टाकणखार, जस्त किंवा फेल्स्पारची झिलई वापरतात आणि बुडाची कड कोरडी न खरवडता ओल्या स्पंजाने पुसतात, म्हणजे धूळ उडत नाही. घरची मीठदाणी उपडी करून पाहिली तर अनेकदा बुचाभोवती ती झिलई नसलेली, किंचित खरखरीत कड बोटाला लागते.