१७५ दिवसांचं प्रोबेशन

गेल्या पावसाळ्यात पेण स्टेशनवर गाडीची वाट बघताना मी रोज एकच फाईल उघडून वाचायचो. नाव होतं : ‘तीन महिन्यांत काय केलं’. नवी नोकरी होती आणि शुक्रवारी मॅनेजरसोबत पहिली रिव्ह्यू मीटिंग. यादीत अकरा मुद्दे होते. त्यातले सात ‘वाचलं’, ‘समजून घेतलं’, ‘शिकलो’ यावर संपत होते. जुन्या कंपनीत माझ्याशिवाय पान हलायचं नाही, आणि इथे मला साधं कुणाला विचारायचं तेही कळत नव्हतं. घराचा हप्ता चालू होता.

रविवारी मामाकडे रोह्याला गेलो. मामाला हे सांगितलं, तर तो म्हणाला, “आमच्या सीडींचं बघ ना जरा.” सीडी म्हणजे चिंतामण द्वारकानाथ देशमुख. शाळेत एका ओळीत पाठ केलेले : रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. परतीच्या गाडीत वाचायला घेतलं, आणि त्या एका ओळीच्या आत एक नवी नोकरी दडलेली सापडली.

देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ला महाडजवळच्या नाते गावचा, बालपण रोह्यातलं. वडील वकील. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा होता. १९१२ साली मॅट्रिकला पहिले, १९१८ साली लंडनला आयसीएसच्या परीक्षेतही पहिले. पुढची वीस वर्षं मध्य प्रांतात सरकारी कारभार. इथपर्यंत सगळं टॉपरचं असतं तसंच.

जुलै १९३९मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले. वय ४३. पदाचं नाव लिएझन ऑफिसर, काम बँकेत काय चाललंय ते भारत सरकारला कळवत राहणं. जरा विचार करा. बँक स्थापन होऊन चारच वर्षं झालेली, मालकी खासगी भागधारकांची. तिथे तुम्ही सरकारचे माणूस म्हणून बसणार. तुमच्या हातून नोट सुटणार नाही, कर्ज मंजूर होणार नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या मीटिंगांना हजर, पण स्वतःचं एकही फीचर नाही. तीन महिन्यांनी अशा माणसाने यादीत काय लिहायचं?

सप्टेंबरात महायुद्ध सुरू झालं आणि परकीय चलनाच्या नियंत्रणाचं नवं काम बँकेवर आलं. आल्यापासून तीनेक महिन्यांत देशमुख मध्यवर्ती संचालक मंडळाचे सचिव झाले. सचिव म्हणजे मंडळापुढे कागद तयार करून ठेवणारा आणि ठरलेलं नोंदवणारा. मला वाटतं, लिएझनच्या कामात जे मोजलं गेलं ते हेच असावं : दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते नीट समजून, तिसऱ्याला कळेल असं लिहिणं. १९४१मध्ये ते डेप्युटी गव्हर्नर झाले.

खरी परीक्षा त्यानंतरची. १७ फेब्रुवारी १९४३ला गव्हर्नर सर जेम्स टेलर पदावर असतानाच वारले. कारभार देशमुखांकडे आला, पद मात्र आलं नाही. कायद्याप्रमाणे मंडळाने शिफारस करायची आणि निर्णय गव्हर्नर-जनरलने घ्यायचा. त्याआधीचे दोन्ही गव्हर्नर भारतीय नव्हते. देश ‘चले जाव’नंतरचा, युद्धखर्चापायी नोटा वाढत चाललेल्या, भाव भडकलेले, बंगालात दुष्काळ. त्या दिवसांत रोज सही करायची, आणि आपण कायम होणार की नाही ते माहीत नाही. नेमणूक झाली ११ ऑगस्टला. मी मोजले : १७५ दिवस.

तुलना ताणायची नाही. आयसीएसची कायम नोकरी त्यांच्या पाठीशी होती, माझ्या पाठीशी हप्ता. त्या काळात त्यांना झोप लागत होती का, हे मला ठाऊक नाही. पण त्या १७५ दिवसांत बँक बंद पडली नाही, एवढं नक्की. पुढे राजा सहाव्या जॉर्जचं चित्र असलेल्या नोटांवर रोह्यात वाढलेल्या माणसाची सही आली. १९४४ला ते ब्रेटन वूड्सला गेले, आणि १ जानेवारी १९४९ला बँक सरकारी मालकीची झाली तेव्हाही गव्हर्नर तेच होते.

रात्री मी फाईल उघडली. ‘शिकलो’वाले सात मुद्दे खोडले आणि त्या जागी दोन पानं लिहिली : आमची जुनी पेमेंट सिस्टिम कुठे अडते, कोणत्या टीमला त्याची कल्पना नाही, आणि का. नव्या माणसालाच हे दिसतं, कारण त्याला प्रत्येकाला विचारत फिरावं लागतं.

शुक्रवारी मॅनेजरने ती पानं शांतपणे वाचली. कौतुक केलं नाही. “हे आधी का नाही दाखवलंस?” एवढंच विचारलं. मग म्हणाला, अजून तीन महिने बघू.

म्हणजे निकाल लागलेला नाही. आज माझा १३१वा दिवस आहे. पेणहून सकाळची गाडी तीच आहे, फाईलचं नाव मात्र बदललंय.