काळ्या दगडाचा नाद

कोपरगावी लोक राघोबादादांचा वाडा पाहतात आणि पेशवाईची हळहळ करून परततात. मला ओढ आहे ती त्याहून जुन्या बखरीची, पायाखालच्या काळ्या दगडाची. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून लाव्हारस वाहिला आणि दख्खन घडले. तो एका दमात मात्र आला नाही. मधल्या विसाव्यांत माती झाली, तळी साचली, झाडे परतली. पुढच्या लोटाखाली तीही गाडली गेली. छिंदवाड्याकडच्या मोहगाव कलानला त्यांची फळे दगड होऊन सापडली. बिरबल साहनींनी ती अभ्यासली. १९४९ साली लखनौच्या आपल्या संस्थेची कोनशिलाही त्यांनी जीवाश्म जडवूनच घडवली, आणि ती बसल्यावर आठवड्याभरात ते वारले.

हा दगड बोलतोही. पाथरवट हातोडीने वाजवून पाहतो : खणखणला तर निकोप, बद्द वाजला तर आत भेग. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात याच पाषाणात वरून खाली कोरले; तिथे फुटला तुकडा बदलायची सोय नव्हती. त्या कारागिरांचा कान केवढा तयार असेल! ताम्रपटांत राष्ट्रकूटांची नावे राहिली, त्या कानांची नाहीत.

खडीयंत्राला आता सगळा दगड सारखाच. खाणीच्या भिंतीत दोन काळ्या थरांमध्ये तांबडी रेघ दिसली, की मी शाळेच्या मुलांना थांबवतो. ती बहुधा जुनी माती, वरच्या लाव्ह्याने भाजलेली.