‘यवन’ म्हणजे कोण?



इतिहासाच्या तासाला बखरीतला उतारा वाचताना एक शब्द हमखास अडतो : ‘यवन’. मागच्या बाकावरून हळूच प्रश्न येतो, “सर, यवन म्हणजे आपणच ना?” विचारणाऱ्याची मान खाली असते. याचे उत्तर द्यावयाचे तर थेट प्राचीन ग्रीसपर्यंत जावे लागते.

आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर आयोनिया हा ग्रीकांचा प्रांत होता. त्याच नावावरून संस्कृतात ग्रीकांना ‘यवन’ म्हणू लागले आणि अरबीत त्यांचा देश ‘यूनान’ झाला. आपल्या हकीमसाहेबांचे ‘युनानी’ औषध आणि बखरीतला ‘यवन’ ही एकाच शब्दाची दोन रूपे होत!

कार्ल्याच्या बौद्ध लेण्यात खांबांचे दान देणाऱ्यांत स्वतःस ‘यवन’ म्हणविणारे दाते आहेत. ते लेख इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील. इस्लामच्या उदयाला तेव्हा चारशेहून अधिक वर्षे अवकाश होता. त्याच सुमारास एका अज्ञात ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये कल्याण व चौल ही आपल्या कोकणची बंदरे नोंदलेली आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत तर रोमन घडणीची समुद्रदेवाची कांस्यमूर्ती सापडली. पुढे कित्येक शतकांनी पश्चिमेकडून आलेल्या इतरांना, आणि मग मुसलमानांना, हाच शब्द लावला गेला.

ग्रीकांची विद्या मात्र अरबीतून जगली. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक या ख्रिस्ती विद्वानाने जालीनूसचे, म्हणजे ग्रीक वैद्य गेलेनचे, ग्रंथ भाषांतरित केले. स्पेनमध्ये इब्न रुश्दने अरस्तूवर भाष्ये लिहिली. ती लॅटिनमध्ये जाऊन युरोपातील विद्यापीठांत अभ्यासली गेली.

पालक विचारतात, “ग्रीस-रोमचा इतिहास घेऊन नोकरी कोणती मिळणार?” प्रश्न रास्त आहे, घर चालवावे लागते. नोकरीची हमी मी देत नाही. परंतु मुलाला खरीच गोडी असेल तर त्याला अडवू नका. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वविद्या शिकविली जाते. तेथवर आपल्या रत्नागिरीची मुले-मुली का पोहोचू नयेत?

मित्रांनो, एखादा शब्द टोचला तर रागावण्याआधी त्याचे मूळ शोधा. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी एवढेच सांगतो : “बाळ, मान वर कर आणि कार्ल्याचा तो लेख स्वतः वाचायला शीक.”