ऑली: एका उडीचा इतिहास

१/
गेले तीन आठवडे रोज पहाटे साडेपाचला मी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये चार चाकांच्या एका फळीवर उभी राहते, उडी मारते आणि पडते. नागपूरच्या उन्हाळ्यात सातनंतर सिमेंटवर हात टेकवत नाही, म्हणून ही वेळ. परवा चौकीदारकाकांनी विचारले, "काहून वो ताई, रोज पडाले येता काय?"
प्रश्न रास्त होता. उत्तर शोधताना मी इतिहासात शिरले. हा धागा त्या शोधाचा.

२/
मी जी उडी शिकते आहे तिचे नाव 'ऑली'. स्केटबोर्डवर उभे राहून, हात न लावता, फळीसकट हवेत उडायचे. पाय फळीला बांधलेले नसतात, तरी फळी पायांबरोबर वर येते. पाहणाऱ्याला हातचलाखी वाटावी अशी ही क्रिया आज रस्त्यावरच्या स्केटबोर्डिंगची बाराखडी मानली जाते. पण स्केटबोर्ड जन्मल्यानंतर सुमारे पंचवीस वर्षे ही उडी अस्तित्वातच नव्हती. ती इतक्या उशिरा का आली?

३/
कारण आधी वस्तू बदलाव्या लागल्या. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियातील सागरी लाटांवर खेळणाऱ्यांनी फळीला रोलर स्केटची चाके ठोकली. चाके पोलादाची, पुढे भाजलेल्या मातीसारख्या मिश्रणाची. लहानसा खडा आला तरी चाक अडे आणि स्वार तोंडावर आपटे. १९६९च्या सुमारास लॅरी स्टीव्हन्सन यांनी फळीचे मागचे टोक वर वळवले. १९७०च्या दशकाच्या आरंभी फ्रँक नॅसवर्दी यांनी पॉलियुरेथेनची चाके बाजारात आणली. ती रस्ता धरून ठेवत. वळलेली शेपटी आणि पकड असलेले चाक, या दोन गोष्टींवाचून ऑली संभवत नाही.

४/
तिसरे कारण निसर्गाने पुरवले. १९७६-७७ मध्ये कॅलिफोर्नियात तीव्र अवर्षण पडले आणि घरोघरचे पोहण्याचे तलाव कोरडे पडले. सांता मोनिका परिसरातील मुले त्या गोलाकार भिंतींवर स्केटबोर्ड चालवू लागली. खेळ आडवा होता, तो उभा झाला. दुष्काळाचा इतिहास आपण पिके, कर्ज आणि स्थलांतर यांतून वाचतो. एका खेळाची दिशाही दुष्काळाने बदलावी, ही नोंद मला विदर्भात बसून वाचताना विशेष बोलकी वाटली.

५/
१९७८च्या सुमारास, अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, फ्लोरिडात ॲलन गेल्फंड हा किशोरवयीन मुलगा अशाच वाडग्यासारख्या उतारावर भिंतीच्या कडेपर्यंत जाऊन, फळीला हात न लावता हवेत उठू लागला. त्याचे टोपणनाव 'ऑली'. उडीलाही तेच नाव चिकटले. मात्र त्याला उचलायला भिंतीचा चढ होता. सपाट जमिनीवर ही उडी अजून कोणी साधलेली नव्हती.

६/
ते काम फ्लोरिडाच्याच रॉडनी मलनने केले. वडिलांचा या खेळाला विरोध. संरक्षक साधने घालायची आणि गंभीर दुखापत होताच खेळ सोडायचा, या अटीवर दहाव्या वर्षी त्याला पहिला बोर्ड मिळाला. तो एकटाच सराव करी. त्याच्या ध्यानात आले की फळी ही तराजूच्या दांडीसारखी आहे: मागचे टोक जमिनीवर आदळले की पुढचे वर उठते, आणि पुढच्या पायाने ते आवरले की मागचेही वर येते. १९८२च्या एका स्पर्धेत त्याने सपाट जमिनीवरची ऑली जगासमोर आणली.

७/
मग ऑलीचा जनक कोण? समाजमाध्यमांवर यावर वाद घातले जातात. इतिहासाच्या विद्यार्थिनीला मात्र हा प्रश्नच अपुरा वाटतो. नाव गेल्फंडचे, सपाट जमिनीवरील रीत मलनची, शेपटी स्टीव्हन्सनची, चाक नॅसवर्दीचे. पुढे १९८०च्या दशकाच्या मध्यास मार्क गोन्झालेस आणि नाटास कौपास यांनी ही उडी पायऱ्या, कठडे आणि बाकांवर नेली. तेव्हा कुठे सारे शहर या मुलांचे मैदान झाले. शोध हा क्षण नसतो, साखळी असते.

८/
आता आपल्याकडे या. मल्लखांबाचा उगम विचारला की एकच कथा सांगतात. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी निजामाकडील अली आणि गुलाब हे दोन मल्ल आव्हान घेऊन आले. तरुण बाळंभट्टदादा देवधर वणीच्या सप्तशृंगीला गेले, तेथे त्यांना लाकडाशी झुंजण्याची विद्या प्राप्त झाली आणि त्यांनी परतून कुस्ती जिंकली. कथा रम्य आहे. परंतु बाराव्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्याने रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथातही मल्लांच्या खांबावरील व्यायामाचा उल्लेख सापडतो. म्हणजे बाळंभट्टदादा आरंभकर्ते नव्हेत, पुनरुज्जीवक. एक लोकप्रिय नाव आणि त्यामागे दडलेली लांब साखळी, येथेही तेच.

९/
फरक पुढे पडतो. १८१८नंतर पेशवा ब्रह्मावर्तास गेला, राज्य संपले, तरी ही विद्या आखाड्यांतून जिवंत राहिली. १९१४ मध्ये अमरावतीत स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. त्याच वर्षापासून बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादनाखाली 'व्यायाम ज्ञानकोशा'चे खंड निघू लागले. दहा खंड, तेही मराठीत. शरीराला ठाऊक असलेले कागदावर उतरवण्याचा तो प्रचंड खटाटोप होता.

१०/
म्हणूनच मल्लखांबाला मराठीत भाषा आहे: अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा. नवशिक्याला गुरू सांगतो, "अढी घट्ट कर," आणि पोराच्या पायांना नेमके कळते. ऑली शिकताना मला असा एकही शब्द मिळेना. सगळ्या चित्रफिती इंग्रजीत. त्यामुळे मी माझ्या प्रशिक्षणाची टिपणे मराठीत काढली. ती येथे देते.

११/
अ) पुढचा पाय फळीच्या मध्याच्या थोडा पुढे, मागच्या पायाचा चवडा शेपटीवर.
आ) गुडघे वाकवा. खांदे फळीला समांतर ठेवा.
इ) उडी घेता घेताच मागच्या चवड्याने शेपटी जमिनीवर आपटा आणि तो पाय तत्क्षणी वर घ्या.
ई) पुढच्या पायाची बाहेरची कड फळीवर घासत नाकापर्यंत न्या.
उ) गुडघे छातीशी ओढा. उतरताना दोन्ही पाय चाकांच्या वर यावेत, गुडघे पुन्हा वाकलेले.

१२/
सारे रहस्य 'ई'मध्ये आहे. फळीच्या पाठीवर खरकागदासारखा थर असतो. बुटाची कड त्याला धरते आणि घर्षण फळीला वर ओढते. मल्लखांबावर याच्या उलट. तेथे खांबाला एरंडेल तेल चोळतात, म्हणजे अंग सोलवटत नाही आणि पकड स्नायूंनाच कमवावी लागते. एका विद्येत घर्षण वाढवायचे, दुसरीत कमी करायचे. दोन्हींत नवशिक्याचा पहिला शत्रू एकच: भीती. माझा पुढचा पाय आठवडाभर घासण्याऐवजी जमिनीवर पळत होता. आरंभ हिरवळीवर करा, तेथे चाके फिरत नाहीत. हेल्मेट आणि मनगटाची कवचे मात्र पहिल्या दिवसापासून घाला. मी आळस केला आणि चार दिवस सुजलेल्या डाव्या मनगटाने संदर्भग्रंथ उचलले.

१३/
टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ मध्ये, स्केटबोर्डिंगला प्रथम स्थान मिळाले. मोमिजी निशिया या तेरा वर्षांच्या मुलीने सुवर्ण जिंकले. २०२२च्या गुजरातमधील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने महाराष्ट्राला या खेळात सुवर्ण मिळवून दिले. आपल्याकडील साखळीचे पहिले दुवे आज, आपल्या डोळ्यांदेखत जोडले जात आहेत.

१४/
आणि त्यांची नोंद कोठे होते आहे? चोवीस तासांत नाहीशा होणाऱ्या चित्रफितींत. उद्या कोणी विचारेल, विदर्भात ही विद्या कोणी आणली, कोणत्या चौकात मुले प्रथम शिकली, त्यांनी कोणते शब्द घडवले. तेव्हा हाती काही नसेल आणि ती जागा एखादी रम्य आख्यायिका घेईल. बाळंभट्टदादांच्या बाबतीत तसेच घडले. ज्यांना शक्य आहे त्यांनी लिहून ठेवा: तारीख, जागा, कोणी शिकवले, काय चुकले.

१५/
माझी नोंद अशी. नागपूर, एकविसावा दिवस. फळी जमिनीपासून साधारण दोन बोटे उठली. चारही चाके हवेत. साक्षीदार एक: चौकीदारकाका. ते म्हणाले, "आता आवाज बदलला." खरे आहे. शेपटी नीट आपटली की सिमेंटवर टणत्कार उठतो, आणि तो कोणत्याही ग्रंथात सापडत नाही.