गॅरेजांतील ध्वनिमुद्रण

ध्वनिमुद्रिका ऐकतांना तिच्यामागील विघ्नांची कल्पना श्रोत्यास सहसा येत नाहीं. गायक चुकला तर त्यास पुन्हां गातां येतें. परंतु यंत्रच दगा देऊं लागलें आणि तें सुधारणारा कारखाना हाताशीं नसला, म्हणजे काय करावें? हा प्रश्न ध्वनिमुद्रणाइतकाच जुना आहे, आणि त्याचें एक मोठें बोधप्रद उत्तर घराच्या गॅरेजांत सांपडलें.

प्रारंभींच्या काळांत काम साधलें कीं फसलें, हें मुद्रण करणारासही लगेच कळत नसे. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यास आला आणि हॉटेलच्या खोल्यांत यंत्र मांडून त्यानें गौहरजान हिचें गाणें मेणाच्या तबकडीवर घेतलें. ती तबकडी वाजवून पाहावी, तर ती पुढें छपाईस निरुपयोगी होई. म्हणून ती तशीच बंद करून जर्मनींतील हॅनोव्हर येथील कारखान्याकडे पाठवावी लागे. दोष आढळलाच, तर तो गायिकेपासून हजारों मैलांवर!

पुढें वार्निश दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तबकड्या आल्या. मुद्रण होतांच त्या वाजवून पाहतां येत, आणि त्यामुळें घरच्या घरीं प्रयोग करणें शक्य झालें. अशा प्रयोगकर्त्यांत लेस पॉल याचें नांव प्रमुख होय. १९१५ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत जन्मलेला हा गिटारवादक यंत्रविद्येचा जन्मजात षोकी होता. गायक बिंग क्रॉस्बी याच्या प्रोत्साहनानें त्यानें हॉलिवुडमधील आपल्या घराच्या गॅरेजांत ध्वनिमुद्रणाची खोली सजविली.

खरी अडचण होती ती तबकडी फिरविण्याची. फिरण्याचा वेग किंचित् जरी कमीजास्त झाला, तरी स्वर हेलकावे खातो आणि सुरेल वादनही बेसूर वाटतें. लेस पॉलनें यावर काढलेली तोड मोठी मौजेची आहे. कॅडिलॅक मोटारीच्या एंजिनाचें फ्लायव्हील त्यानें तबकडीखालीं बसविलें. हें चाक जड आणि उत्तम तोललेलें असतें. एकदां गति घेतल्यावर लहानसहान धक्क्यांना तें दाद देत नाहीं. फिरविण्याचा पट्टा त्यानें घेतला तो दंतवैद्याच्या यंत्राचा!

या यंत्रावर तो स्वतःच स्वतःची साथ करी. प्रथम एक गिटार तबकडीवर घ्यावी. ती वाजत असतां तिच्यासंगें दुसरी वाजवावी, आणि दोहोंचा नाद दुसऱ्या तबकडीवर घ्यावा. ‘लव्हर’ ही त्याची १९४८ ची ध्वनिमुद्रिका अशा आठ थरांनीं बनली आहे. मात्र प्रत्येक नकलेबरोबर खरखर वाढे आणि पहिला थर अधिकाधिक पुसट होत जाई. हा दोष यंत्रांतून काढणें अशक्य होतें. तेव्हां त्यानें कामाचा क्रमच बदलला. गौण साथ आधीं, आणि मुख्य वादन सर्वांत शेवटीं! झीज व्हायची ती कमी महत्त्वाच्या सुरांची होवो, असा त्यांतील हिशेब. शिवाय एखादा थर फसला तरी मागची तबकडी शाबूत राही.

त्याच वर्षीं जानेवारींत ओक्लाहोमांत मोटार घसरून त्याच्या उजव्या हाताचें कोपर चिरडलें. कोपर पूर्ववत् होणें नव्हतें. तेव्हां गिटार धरतां यावी अशा बांकांत हात कायमचा बसवून घेण्याचें त्यानें ठरविलें, आणि दीर्घ उपचारांनंतर तो पुन्हां वाजवूं लागला.

१९४९ सालीं क्रॉस्बीनें त्यास ॲम्पेक्स कंपनीचें टेपयंत्र दिलें. लेस पॉलनें त्यांत एक जास्तीचें हेड बसविलें, तें पुसणाऱ्या हेडच्या अलीकडे. जुना आवाज पुसला जाण्यापूर्वीं तें तो वाचून घेई, आणि नव्या आवाजासह तो पुन्हां त्याच टेपवर उमटे. यंत्र सुटसुटीत झालें. दौऱ्यावरही नेतां येऊं लागलें. परंतु तबकडीच्या काळांतील आधार गेला. पत्नी मेरी फोर्ड हिचा अखेरच्या थरांत सूर चुकला, अथवा तार सैल झाली, तर मागचें सर्वच नाहींसें होई आणि पहिल्यापासून आरंभ करावा लागे. तयारी पक्की झाल्यावांचून टेप सुरू करण्याची सोय राहिली नाहीं. ‘हाउ हाय द मून’ हें गीत याच पद्धतीनें तयार झालें, आणि १९५१ सालीं तें अमेरिकेंत नऊ आठवडे प्रथम क्रमांकावर होतें.

तथापि एका चुकीनें सारें बुडावें, ही भीति त्यास मान्य नव्हती. आठ आवाज एकाच टेपवर शेजारीं शेजारीं, परंतु अलग राहावे, असें यंत्र त्यानें ॲम्पेक्सकडून करवून घेतलें. १९५७ सालीं तें त्याच्या न्यू जर्सींतील घरीं आलें. आतां एक पट्टी चुकल्यास तेवढीच पुन्हां भरावी, बाकीच्या सातांस धक्का लागत नाहीं.

लेस पॉल २००९ सालीं, वयाच्या ९४ व्या वर्षीं निवर्तला. आज घरच्या खोलींत बसून कथा वाचणारे किंवा चित्रपटांस आवाज देणारे कलावंत संगणकावर काम करतात. त्यांतही प्रत्येक आवाज निराळा ठेवतां येतो. संगणकही बंद पडतो, ध्वनिग्राहकाची तारही तुटते. मागची प्रत सुरक्षित ठेवून मगच पुढचा थर चढवावा, ही गॅरेजांतील तबकड्यांची शिस्त ज्यानें सोडली नाहीं, त्याचें अशा वेळीं एका थराहून अधिक कांहीं बुडत नाहीं.